क्लारा व्हीकची रोजनिशी आणि बालकांच्या पियानो-शिक्षणाचे प्रयोजन

१

बालकाला पियानो शिकविल्याने त्याला कोणता लाभ होतो, हा प्रश्न वरवर पाहता शिक्षणशास्त्राचा किंवा मानसशास्त्राचा वाटतो. तथापि या प्रश्नाला इतिहास आहे. ज्या ज्या काळी तो विचारला गेला, त्या त्या काळी त्याचे उत्तर निराळे आले. ही उत्तरे एकत्र मांडून पाहिली म्हणजे असे दिसते की, 'लाभ' या शब्दाचा अर्थ तर बदलत गेलाच, पण तो लाभ कोणाच्या पदरात पडावयाचा याविषयीची कल्पनाही स्थिर राहिली नाही. उत्तर देणारी माणसे बहुधा पालक, शिक्षक, प्रकाशक किंवा राज्यकर्ते होती. शिकणाऱ्या मुलाचा स्वतःचा शब्द या चर्चेत क्वचितच उमटला.

एका ठिकाणी मात्र तो उमटल्याचा भास होतो. जर्मनीतील लाइपझिग या नगरात ७ जून १८२७ रोजी एक रोजनिशी सुरू झाली. रोजनिशी होती क्लारा व्हीक या मुलीची. पुढे रोबर्ट शूमान या संगीतकाराची पत्नी आणि एकोणिसाव्या शतकातील अग्रगण्य पियानोवादिका म्हणून जी विख्यात झाली, तीच ही क्लारा. तिचा जन्म १३ सप्टेंबर १८१९ चा. म्हणजे रोजनिशीच्या आरंभी ती आठ वर्षांचीही नव्हती. रोजनिशी प्रथमपुरुषी एकवचनात लिहिलेली आहे. 'मी' आज काय शिकले, 'माझे वडील' काय म्हणाले, अशा तिच्यातील नोंदी आहेत. परंतु आरंभीच्या वर्षांतील हे लेखन क्लाराचे नाही. ते तिचे वडील फ्रीडरिश व्हीक यांच्या हातचे आहे. पुढे मुलगी स्वतः लिहू लागली, तरी ती अठरा वर्षांची होईपर्यंत लेखनावर वडिलांची देखरेख होती. व्याकरणाच्या दृष्टीने 'मी' मुलीचा आणि लेखणी मात्र पित्याची, अशी ही विलक्षण रचना आहे. पियानो-शिक्षणाचा लाभ कोणाचा, या प्रश्नाचा विचार करण्यासाठी याहून बोलके साधन सापडणे कठीण. त्या साधनाच्या आधारे या प्रश्नाची ऐतिहासिक छाननी करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

व्हीकच्या पूर्वी या शिक्षणाकडे कोणत्या दृष्टीने पाहिले जात होते, ते प्रथम थोडक्यात पाहिले पाहिजे. २२ जानेवारी १७२० रोजी योहान सेबास्टियान बाख याने आपला थोरला मुलगा व्हिल्हेल्म फ्रीडमान याच्यासाठी एक वही घातली. मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा होता. पियानोचा शोध फ्लॉरेन्समध्ये क्रिस्तोफोरी याने १७०० च्या सुमारास लावलेला असला, तरी बाखच्या घरात त्या वेळी पट्ट्यांची जुनी वाद्येच होती. वहीच्या आरंभी स्वरलेखनाच्या खुणा आहेत, अलंकारांचा तक्ता आहे आणि बोटांची योजना दाखविणारा एक छोटा तुकडा आहे. पुढे पुढे मुलाने स्वतः रचना करण्याचे प्रयत्नही तिच्यात दिसतात. याच वहीतील काही तुकड्यांना सुधारित रूप देऊन बाखने १७२३ मध्ये जो संग्रह सिद्ध केला, त्याच्या मुखपृष्ठावर त्याने अभ्यासाचे प्रयोजन नोंदविले आहे. दोन व तीन स्वरपंक्ती स्वच्छ वाजविता येणे हे तर त्यात आहेच. पण चांगल्या कल्पना सुचणे, त्यांचा विस्तार करता येणे, वादनात गाण्याचा गुण येणे आणि रचनेची गोडी लागणे, हेही त्यात आहे. म्हणजे वाजविणे आणि रचणे ही बाखच्या दृष्टीने एकाच शिक्षणाची दोन अंगे होती. मूल भाषा शिकते ते केवळ दुसऱ्याची वाक्ये म्हणून दाखविण्यासाठी नव्हे. त्याच न्यायाने स्वरांचे शिक्षणही स्वतःचे काही सांगता यावे यासाठी होते.

शंभर वर्षांनी चित्र पालटलेले दिसते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पियानो कारखान्यात तयार होऊ लागला, मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यात आला, आणि मुलांना, विशेषतः मुलींना, तो शिकविणे हे घराच्या प्रतिष्ठेचे चिन्ह झाले. शिकणाऱ्यांची संख्या वाढली तशी शिक्षणाची यंत्रवत पद्धतीही निघाली. योहान बेर्नहार्ड लोजिए या शिक्षकाने १८१४ मध्ये डब्लिन येथे 'किरोप्लास्ट' नावाच्या साधनाचा स्वामित्वहक्क घेतला. पट्ट्यांसमोर बसविलेल्या या चौकटीत मुलाचे मनगट व बोटे ठराविक जागी अडकवून ठेवलेली असत. लोजिए अनेक मुलांना अनेक पियानोंवर एकाच वेळी शिकवी. त्याची कीर्ती एवढी पसरली की, प्रशियाच्या शासनाने त्याला बर्लिनला पाचारण केले. चेर्नी याच्या स्वाध्यायांची पुस्तके याच काळातील. चेर्नीला केवळ यांत्रिक ठरविणे अन्यायाचे होईल. परंतु घरोघर त्याच्या पुस्तकांचा उपयोग झाला तो बहुतांशी बोटांच्या कवायतीसाठी, हे नाकारता येत नाही. 'हात बसणे' हेच आता साध्य झाले. बसलेल्या हाताने काय सांगावयाचे, हा विचार मागे पडला.

३

फ्रीडरिश व्हीक या पार्श्वभूमीवर उभा आहे. १७८५ मध्ये जन्मलेल्या या गृहस्थाने व्हिटेनबेर्ग येथे धर्मशास्त्राचे अध्ययन केले, नंतर काही वर्षे श्रीमंतांच्या घरी मुलांना शिकविले, आणि अखेर लाइपझिगमध्ये पियानोंची विक्री, भाड्याने पियानो देणे, संगीताच्या पुस्तकांचे फिरते ग्रंथालय आणि शिकवणी असा व्यवसाय थाटला. त्याची पत्नी मारिआने ही स्वतः गायिका व पियानोवादिका होती आणि लाइपझिगच्या गेवांडहाउस या प्रसिद्ध सभागृहात तिचे कार्यक्रम झालेले होते. १८२४ मध्ये ती पतीचे घर सोडून माहेरी गेली. क्लारा काही महिने आईपाशी राहिली. पण सॅक्सनीच्या कायद्याप्रमाणे मुलांवर पित्याचा हक्क असल्यामुळे पाचवा वाढदिवस झाल्यावर चारच दिवसांनी, १७ सप्टेंबर १८२४ रोजी, तिला वडिलांकडे परत यावे लागले. तिचे पद्धतशीर पियानो-शिक्षण याच शरद ऋतूत सुरू झाले.

भाषेच्या अभ्यासकाने येथे थांबावे अशी एक गोष्ट रोजनिशीत आहे. क्लारा चार वर्षांची होऊन गेली तरी बोलत नव्हती. पाचव्या वर्षाच्या आसपास तिच्या तोंडून एकेक शब्द येऊ लागला. तिला ऐकू येत नसावे असा घरच्यांचा समज झाला होता आणि तो पुढेही काही वर्षे टिकला. ज्या दाईकडे ती असे, ती बाईही फारशी बोलत नसे, असे कारण रोजनिशीत दिलेले आहे. क्लाराची श्रवणशक्ती किती तीक्ष्ण होती हे पुढे जगाने पाहिले. तेव्हा बहिरेपणाचा समज खोटा होता हे उघड आहे. मग या मौनाचे कारण काय? आईबापांचे बिनसलेले घर, अबोल दाई आणि मातेचा वियोग या गोष्टी ध्यानात घेतल्या म्हणजे मौनाचे फार मोठे गूढ राहत नाही. पियानोमुळे तिला वाचा फुटली असे म्हणण्याचा मोह अनेकांना झाला आहे. तो आवरला पाहिजे. दोन घटना एका काळात घडल्या म्हणून त्यांच्यात कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. शिवाय या हकिकतीचा कर्ता तोच पिता आहे, ज्याला आपल्या पद्धतीचे यश जगापुढे मांडावयाचे होते. एवढे मात्र निश्चित म्हणता येते की, शब्दांच्या जगात उशिरा आलेल्या या मुलीला स्वरांच्या जगात फार सुरळीत प्रवेश मिळाला. आणि तो ज्या रीतीने मिळाला, ती रीत भाषा शिकण्याच्या स्वाभाविक रीतीशी जुळणारी होती.

व्हीकने १८५३ मध्ये पियानो व गायन यांवरील आपल्या पुस्तकात ही रीत विशद केली आहे. लोजिएच्या पद्धतीतील काही अंश त्याने उचलला होता, परंतु मूळ धोरण त्याचे स्वतःचे होते. आरंभीच्या काळात मुलापुढे स्वरलेखन ठेवावयाचे नाही. शिक्षकाने छोटे तुकडे वाजवून दाखवावयाचे, मुलाने ते ऐकून हाताने शोधावयाचे, आणि मग तेच तुकडे पट्टी बदलून निरनिराळ्या स्वरांवरून वाजवावयाचे. कान तयार झाल्यावर लिपी. मराठी वाचकाला यात नवल वाटणार नाही. गुरूसमोर बसून ऐकलेले गळ्यात उतरविणे ही आपल्याकडील संगीतविद्येची जुनीच वाट आहे. परंतु छापील पुस्तकांचा सुकाळ झालेल्या लाइपझिगमध्ये, आणि त्यातही तीच पुस्तके भाड्याने देणाऱ्या माणसाने, असा आग्रह धरावा हे विशेष होय. मूल आधी बोलते, मग अक्षरे गिरवते. व्हीकने तोच क्रम पट्ट्यांवर आणला.

त्याच्या शिस्तीतही तारतम्य होते. रोज एक तास पाठ आणि सुमारे दोन तास सराव, यापलीकडे तो मुलीला बसवीत नसे; मोकळ्या हवेत रोज लांब फेरफटका मारणे मात्र सक्तीचे होते. पुढे संगीतशास्त्र, रचना, गायन व व्हायोलिन यांचे शिक्षण त्याने तिला त्या त्या विषयाच्या जाणत्या शिक्षकांकडून देवविले. उलट सामान्य शालेय शिक्षण तिला फारच थोडे मिळाले. बाखच्या वहीतील वादन व रचना यांची सांगड व्हीकने पुन्हा बांधली, असे म्हणावयास हरकत नाही. क्लाराची पहिली रचनाकृती १८३१ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा ती अकरा-बारा वर्षांची होती.

४

येथपर्यंतच्या वृत्तान्तावरून व्हीक हा बालशिक्षणाचा आदर्श ठरावा. परंतु रोजनिशीचा 'मी' ही समजूत टिकू देत नाही. २० ऑक्टोबर १८२८ रोजी नऊ वर्षांच्या क्लाराने गेवांडहाउसमध्ये, दुसऱ्या एका वादिकेच्या कार्यक्रमात, चार हातांनी वाजवावयाच्या रचनेत प्रथम भाग घेतला. त्याच सुमाराच्या एका नोंदीत ही 'मी' आपणच आळशी, हट्टी, बेशिस्त व आज्ञाभंग करणारी असल्याचे सांगते, आणि वडिलांनी वाजविण्याचे पान आपल्यासमोर फाडून टाकले हेही नोंदविते. एखाद्या मुलाने आपल्या चुकीची कबुली द्यावी ही गोष्ट वेगळी, आणि वडिलांनी आपला आरोप मुलाच्या मुखाने वदवून तो कागदावर कायम करावा ही वेगळी. सर्वनाम येथे साक्षीदार राहत नाही. ते ताब्यात घेतलेले असते. जी मुलगी पाच वर्षांची होईपर्यंत जवळजवळ अबोल होती, तिच्या वतीने आता दुसरेच कोणी बोलत होते.

या लेखनामागे केवळ निर्दयता होती असे समजणे चूक ठरेल. व्हीकच्या दृष्टीने मुलगी हाच त्याच्या पद्धतीचा पुरावा होता. तिच्या यशामुळे शिकवण्या वाढत, पियानो खपत, नाव होई. शिक्षण उत्तम होते, मुलीची प्रगती खरी होती, आणि तरीही लाभाचा हिशेब पित्याच्या खात्यावर मांडलेला होता. या तिन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, ही या प्रकरणातील मुख्य अडचण होय.

ही अडचण १८३९ मध्ये न्यायालयासमोर उघड झाली. क्लारा आणि रोबर्ट शूमान यांच्या विवाहाला व्हीकचा विरोध होता. संमतीच्या बदल्यात त्याने ज्या अटी पुढे केल्या, त्यांत मागील सात वर्षांत क्लाराने कार्यक्रमांतून मिळविलेल्या २,००० थालेरवरील हक्क तिने भावांसाठी सोडावा आणि तिची वाद्ये व वस्तू हव्या असल्यास १,००० थालेर द्यावेत, अशा अटी होत्या. बालपणीच्या पियानो-शिक्षणाचा लाभ एरवी शील, अभिरुची, संस्कार अशा शब्दांत सांगितला जातो. येथे तो थालेरमध्ये मोजला गेला. न्यायालयाने १ ऑगस्ट १८४० रोजी विवाहाला अनुमती दिली आणि १२ सप्टेंबरला, क्लाराच्या एकविसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, विवाह झाला.

५

व्हीकच्या शिक्षणाचे मूल्य ठरविताना त्याच काळातील दुसऱ्या एका मुलीकडे पाहणे उपयुक्त आहे. फानी मेंडेल्सझोन ही क्लारापेक्षा चौदा वर्षांनी मोठी. १८१८ मध्ये, तेराव्या वर्षी, तिने वडिलांच्या वाढदिवसानिमित्त बाखची २४ प्रास्ताविके मुखोद्गत वाजवून दाखविली. तिचे शिक्षण तिचा भाऊ फेलिक्स याच्या बरोबरीने झाले होते. तरीही १८२० मध्ये वडिलांनी तिला पत्राने कळविले की, संगीत हा फेलिक्सचा व्यवसाय होऊ शकेल, तिच्यासाठी मात्र ते एक भूषणच राहिले पाहिजे. तिने आपल्या नावाने पहिला संग्रह प्रसिद्ध केला तो १८४६ मध्ये. पुढच्याच वर्षी तिचे निधन झाले. मेंडेल्सझोनांच्या घरी प्रेम होते, सुसंस्कृतपणा होता, पैशाची हाव नव्हती. पण शिक्षणाच्या शेवटी मुलीसाठी दार बंद होते. व्हीकच्या घरी हिशेब कठोर होता. पण दार उघडे होते. पित्याने ते स्वतःच्या लाभासाठी उघडले असले, तरी त्यातून बाहेर पडली ती मुलगी.

बाहेर पडल्यावर तिने काय केले, हे पाहिल्याशिवाय लाभाचा प्रश्न सुटत नाही. विवाहानंतर पतिपत्नींनी एक समाईक रोजनिशी ठेवली आणि ती आळीपाळीने लिहावयाची असे ठरले. या रोजनिशीतील 'मी' क्लाराचा स्वतःचा आहे. तो नेहमीच समाधानी नाही. पती रचना करीत असताना घरात सराव करता येत नाही, हात मागे पडत आहे, ही खंत त्यात आहे. परंतु ती खंत तिची आहे. रोबर्टचे २९ जुलै १८५६ रोजी निधन झाले. तत्पूर्वी दोन वर्षांहून अधिक काळ तो एंडेनिख येथील रुग्णालयात होता. आठ अपत्यांपैकी एक बालपणीच गेले होते. उरलेल्या सात मुलांचा भार क्लाराने कार्यक्रम करून उचलला. तिच्या आयुष्यभराच्या १,३०० हून अधिक कार्यक्रमपत्रिका झ्विकाउ येथे जतन केलेल्या आहेत. १८७८ ते १८९२ या काळात ती फ्रांकफुर्ट येथील होख संगीतविद्यालयात शिकवीत होती, आणि तिच्या मारी व ऑयगेनी या मुली तिच्या साहाय्यक होत्या.

मारीच्या नावाशी बालशिक्षणातील आणखी एक टप्पा जोडलेला आहे. १ सप्टेंबर १८४८ रोजी तिला सात वर्षे पूर्ण होणार होती. त्यानिमित्त रोबर्टने काही छोटे तुकडे रचले. त्यांतून ४३ तुकड्यांचा 'तरुणांसाठी संग्रह' सिद्ध झाला. यातील प्रत्येक तुकडा लहान असला तरी पूर्ण आहे. शेतकरी, शिपाई, घोडेस्वार, हिवाळा असे त्यांचे विषय आहेत. हाताच्या कवायतीसाठी वाक्याचे तुकडे पाडण्याऐवजी मुलाच्या तोंडी बसेल एवढे छोटे, पण अर्थपूर्ण वाक्य द्यावयाचे, ही त्यामागील दृष्टी होय. याच संग्रहाच्या संदर्भात त्याने तरुण शिकणाऱ्यांसाठी जे नियम लिहिले, त्यांत कान तयार करणे, गायनवृंदात गाणे आणि लोकगीते लक्षपूर्वक ऐकणे यांवर भर आहे. तारुण्यात शूमानचा उजवा हात अधू झाला होता. त्याचे कारण वादग्रस्त असले, तरी बोटांना यंत्राने वळण लावण्याचा प्रयोग त्याने स्वतःवर केला होता, हे त्याच्याच नोंदींवरून दिसते. त्याने आपल्या मुलीच्या हाती यंत्र न देता गीत द्यावे, यात अनुभवाचा वाटा असणे संभवनीय आहे. पुढे बेला बार्तोक याने १९२६ ते १९३९ या काळात १५३ तुकड्यांची जी क्रमिक माला रचली आणि तिचे पहिले दोन भाग आपल्या पेटर या मुलाला अर्पण केले, ती याच परंपरेतील होय.

६

विसाव्या शतकाच्या अखेरीस लाभाचा प्रश्न नव्या वेषात परत आला. १९९३ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात एक छोटा लेख प्रसिद्ध झाला. मोझार्टची एक रचना दहा मिनिटे ऐकल्यावर महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचे अवकाशविषयक चाचणीतील गुण वाढले आणि हा परिणाम पंधरा मिनिटांपलीकडे टिकला नाही, एवढेच त्याचे तात्पर्य होते. त्यात बालके नव्हती आणि शिकवणीही नव्हती. तरी १९९८ मध्ये अमेरिकेतील जॉर्जिया राज्याच्या राज्यपालांनी प्रत्येक नवजात अर्भकाला संगीताची तबकडी देण्यासाठी १,०५,००० डॉलरची मागणी केली. प्रत्यक्ष शिकवणीचा अभ्यास २००४ मध्ये शेलेनबर्ग याने प्रसिद्ध केला. सहा वर्षांची १४४ मुले त्याने घेतली. काहींना पट्ट्यांचे वाद्य, काहींना गायन, काहींना नाट्य शिकविले, आणि काहींना काहीच शिकविले नाही. वर्षअखेरीस सर्वांचाच बुद्ध्यंक वाढला. संगीत शिकलेल्यांचा इतरांहून सुमारे तीन अंकांनी अधिक. २०२० मध्ये साला व गोबे यांनी ५४ अभ्यास व जवळजवळ ७,००० मुले यांचा एकत्र विचार केला, तेव्हा असे दिसले की, प्रयोगाची रचना जितकी काटेकोर तितका हा लाभ शून्याच्या जवळ जातो.

या निष्कर्षाने पियानो-शिक्षणाची हानी झाली असे मानण्याचे कारण नाही. गणित सुधारावे म्हणून कोणी मातृभाषा शिकत नाही. एखाद्या भाषेचे मूल्य तिच्या अध्ययनाने बुद्ध्यंक किती वाढतो यावर ठरविणे जितके विचित्र, तितकेच हेही विचित्र आहे. संगीत ही शब्दांसारखी अर्थवाहक भाषा नव्हे, हा भेद भाषाशास्त्राने विसरता कामा नये. परंतु ऐकणे, अनुकरण करणे, रूपे बदलून पाहणे आणि अखेर स्वतःचे काही मांडणे हा क्रम दोन्हीकडे आहे. त्या क्रमाची अखेरची पायरी मुलाला गाठता आली की नाही, हाच लाभाचा खरा निकष होय.

क्लाराच्या दोन रोजनिश्या शेजारी ठेवल्या म्हणजे हा निकष स्पष्ट होतो. पहिलीत पद्धत उत्कृष्ट आहे, प्रगतीची नोंद आहे, पण 'मी' उसना आहे. दुसरीत घराची ओढाताण आहे, सरावाला वेळ नाही, पण 'मी' स्वतःचा आहे. पहिलीतील शिक्षणाशिवाय दुसरीतील स्त्री घडली नसती, हे खरे. आणि पहिलीतील 'मी' झुगारल्याशिवायही ती घडली नसती, हेही तितकेच खरे. पालक, शिक्षक किंवा राज्य यांनी बालकाच्या वतीने लिहिलेल्या लाभाच्या याद्या वाचताना, त्यांतील 'मी' कोणाच्या हातचा आहे, हे इतिहासाच्या अभ्यासकाने प्रथम तपासून पाहिले पाहिजे.